सनद मिळेल का?

मी निघाले त्या दिवशी सकाळी आमच्या टॉवरची वीज गेली आणि लिफ्ट बंद पडली. सोसायटीकडे जनरेटर होता. पण त्यावर लिफ्ट चालवायची की पाण्याचा पंप, यावरून आदल्याच आठवड्यात मीटिंगमध्ये जोरदार भांडण होऊन पंप जिंकला होता. त्यामुळे माझ्या दोन्ही बॅगा नवव्या मजल्यावरून जिन्याने उतरल्या. एक पप्पांनी घेतली, एक मी. आई चिवड्याचा डबा घेऊन मागून येत होती आणि दर मजल्यावर सांगत होती, "अहो, जरा थांबा, दम घ्या." पप्पा थांबत नव्हते. त्यांच्या काखेत माझी फाइल होती आणि ती घसरू नये म्हणून ते खांदा वाकडा करून उतरत होते.

एअरपोर्टवर गेटच्या आत सोडायला येता येत नाही. तिथे, ट्रॉल्यांच्या रांगेच्या ऐन मध्यावर, पप्पांनी फाइलची लेस सोडली. सरकारी फाइलला असतात तसे रंगीत फ्लॅग त्यांनी प्रत्येक कागदाला लावले होते. "ऐक," ते म्हणाले, "ए फ्लॅगला पासपोर्टच्या प्रती. बी ला जन्मदाखला, मूळ आणि तीन झेरॉक्स. सी ला..."

"भाईसाहब, आगे बढ़िए ना," मागून कोणीतरी म्हणालं.

"पप्पा, बस करा हो! मी शिकायला चाललेय, तुमच्या सेक्शनमध्ये जॉइन होत नाहीये!"

पप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले, लेस नीट बांधली आणि फाइल माझ्या हातात दिली. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवून घाईघाईत प्रार्थना पुटपुटली. मी आत गेले. अशा वेळी डोळे भरून येतात असं लोक लिहितात. माझे आले नाहीत. मी इतकी चिडलेली होते की इमिग्रेशनच्या काउंटरपर्यंत मनातल्या मनात त्यांना उत्तरंच देत होते.

हे सगळं आज लिहायचं कारण असं, की दिल्लीतल्या मराठी घरांमधल्या मुलामुलींच्या मला अधूनमधून मेल येतात. "ताई, नेदरलँड्समध्ये लॉ करायचंय, कुठली युनिव्हर्सिटी घेऊ?" त्यांना यादी हवी असते. माझ्याकडे यादी नाही. मी माझी युनिव्हर्सिटी कशी निवडली तेवढं सांगू शकते, आणि ते ऐकून कोणी तसंच केलं तर मला दोष देऊ नये.

आम्ही मूळचे अहमदनगरकडचे मराठी ख्रिस्ती. पप्पा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. आई एका शाळेत गणित शिकवायची. माझं लहानपण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. शाळेत मी 'वो मराठी लड़की', मराठी मंडळात 'ते ख्रिश्चन', आणि महिन्यातून एकदा उसन्या हॉलमध्ये होणाऱ्या मराठी उपासनेत 'गायकवाडांची मुलगी, पण मराठी जरा कच्चं आहे'. कच्चं होतंच. घरात मराठीच बोलायचं असा पप्पांचा नियम होता, पण दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. त्यामुळे रोजचे शब्द माझ्याकडे होते, आणि सणावारी काढायचे शब्द नव्हते. एखादा अडला की मी त्याचा हिंदी अर्थ लावून पुढे जायचे. बहुतेक वेळा ते खपून जायचं.

मग सगळ्यांनीच यमुनेपलीकडे फ्लॅट घ्यायला सुरुवात केली तसा आम्हीही इंदिरापुरमला घेतला. तेव्हा तिथे टॉवर होते, मॉल होता, आणि दोघांच्या मध्ये मोहरीची शेतं होती. रस्ता मात्र नव्हता. मेट्रो येणार असं सगळे सांगायचे. पाणी टँकरने यायचं. पप्पा चार्टर्ड बसने दीड तास धक्के खात ऑफिसला जायचे आणि तरी रविवारी बाल्कनीत खुर्ची टाकून म्हणायचे, "स्वतःचं आहे." समोरच्या टॉवरमधल्या मुली कॉल सेंटरच्या गाड्यांमधून जायच्या, त्यांच्या गळ्यात ओळखपत्रं असायची. आपण या शहरातून लांब कुठेतरी जायचं, हे माझं त्या बाल्कनीत ठरलं.

बारावीनंतर लॉच्या प्रवेश परीक्षेत मला चांगला नंबर लागला नाही. पुण्याला आत्या होती, तिथे लॉ कॉलेज होतं, पप्पांच्या मते प्रश्न मिटला होता. आत्याकडे राहायचं म्हणजे संध्याकाळी सातच्या आत घरी. मी शिक्षण मेळ्याला गेले, कनॉट प्लेसजवळच्या एका हॉटेलात, आणि पिशवीभर चकचकीत पुस्तिका घेऊन आले. त्यांत नेदरलँड्सच्या तीन होत्या. कायदा इंग्रजीतून, तीन वर्षांत. अमेरिका-इंग्लंडपेक्षा पुष्कळ कमी खर्चात.

पप्पांनी ताबडतोब फाइल उघडली. शब्दशः. हिरव्या नोटशीटवर त्यांनी तीन शहरांची नावं लिहिली. लायडन, कारण ते सगळ्यांत जुनं. ग्रोनिंगेन, कारण तिथून सही केलेलं कागदी पत्र आलं आणि मेलवर त्यांचा विश्वास नव्हता. मास्ट्रिख्ट तिसरं. मला मास्ट्रिख्टच हवं होतं. मी कारण असं सांगितलं, की तिथे दहाबारा जणच टेबलाभोवती बसून एकेक प्रकरण सोडवतात, भाषणं ऐकत बसावं लागत नाही. हे खरंच होतं. पण खरं कारण वेगळं होतं. लायडनजवळ पप्पांच्या एका सहकाऱ्याचा मेहुणा राहत होता आणि ग्रोनिंगेनला उपासनेतल्या कोणाचा तरी भाचा. मास्ट्रिख्टला आमचं कोणीही नव्हतं.

पप्पा सहजासहजी सही करणारे नव्हते. कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनाच्या कँटीनमध्ये त्यांनी जोशीसाहेबांना चहाला बोलावलं. जोशीसाहेब विधी खात्यातून रिटायर झालेले. त्यांनी साबुदाणा वडा संपेपर्यंत काही सांगितलं नाही आणि मग म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे हो गायकवाड. एकच विचारून घ्या. सनद मिळेल का?"

घरी आल्यावर पप्पांनी ते मला विचारायला सांगितलं. मीसुद्धा लगेच निघाले. परदेशातले प्रवेश करून देणारा आमचा कन्सल्टंट, भल्लाजी, नोएडात एका मोबाइलच्या दुकानावर बसायचा. मी विचारलं, "सर, सनद मिलेगी?"

"सनद?" भल्लाजी हसला. "बिल्कुल मिलेगी बेटा! गाउन पहन के मिलेगी, फोटो के साथ."

घरी येऊन मी पप्पांना सांगितलं, "हो, मिळते म्हणाले. बिल्कुल मिळते." पप्पांनी नोटशीटवर लिहिलं, 'सनद: मिळते.' खाली तारीख टाकली. पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ होती, की आपापल्या देशात व्यवसाय करायचे नियम विद्यार्थ्याने स्वतः तपासावेत. ती पप्पांनी पेन्सिलीने अधोरेखित केली होती. ती त्यांनी मला दोनदा दाखवली. "पप्पा, विचारलंय ना मी," मी दोन्ही वेळा म्हणाले.

त्यानंतर तीन महिने कागद. माझ्या जन्मदाखल्यावर माझं नावच नव्हतं, नुसतं 'बेबी ऑफ मिसेस गायकवाड'. नाव घालून घ्यायला चार खेपा. त्यात गायकवाडचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं, म्हणून प्रतिज्ञापत्र. मग परराष्ट्र खात्याचा शिक्का. पप्पा अर्धी रजा टाकून प्रत्येक खिडकीवर माझ्याबरोबर उभे राहायचे आणि प्रत्येक बाबूशी इतक्या अदबीने बोलायचे की मला लाज वाटायची.

मास्ट्रिख्टला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी नगरपालिकेत नाव नोंदवायला गेले. माझ्यापुढचा एक मुलगा जन्मदाखल्यावर शिक्का नाही म्हणून परत गेला. माझ्या वेळी काउंटरवरच्या बाईंनी फाइल मागून घेतली, फ्लॅग बघून भुवया उंचावल्या आणि पाच मिनिटांत मला मोकळं केलं. खरं तर त्याच दिवशी घरी फोन करून हे सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. अजून रागावलेलीच होते.

पहिलं वर्ष गेलं कसं ते कळलं नाही. तिथे पहिल्या वर्षी ठरलेले क्रेडिट मिळाले नाहीत तर कोर्समधून काढून टाकतात, त्यामुळे मी फक्त वाचत होते. दगडी रस्ते, त्यावर खडखडणारी माझी सेकंडहँड सायकल, आणि कोणाकडे चहाला जायचं तरी पंधरा दिवस आधी वेळ ठरवायची. "तू इंडियाची आणि ख्रिश्चन? कधी बदललात धर्म?" असं मला पहिल्या महिन्यात सात जणांनी विचारलं. आठव्याला मी म्हणाले, "तुम्ही कधी बदललात?" तो बिचारा खरोखर विचार करायला लागला.

दुसऱ्या वर्षाच्या वसंतात मी उन्हाळ्यात कुठे काम करावं हे विचारायला सल्लागार बाईंकडे गेले. त्यांचं नाव आनेलीस. वकिलाच्या ऑफिसात काम करायचं म्हणाले तर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुला माहीत आहे ना," त्या म्हणाल्या, "की या पदवीवर तुला इथे वकिली करता येणार नाही? त्यासाठी डच कायदा, डच भाषेतून शिकावा लागतो."

"मला भारतात करायची आहे."

"मग तिथे विचारून घे," त्या शांतपणे म्हणाल्या. "आम्ही सगळ्यांना हेच सांगतो."

भारतात वकिलांची नोंदणी करणाऱ्या कौन्सिलला मी लिहून विचारलं. उत्तर यायला पाच आठवडे लागले आणि ते एका ओळीचं होतं. ही पदवी भारतात वकिलीसाठी ग्राह्य धरली जात नाही. म्हणजे मी दोन वर्षं राबून जे शिकत होते, त्यावर मला इथल्या कोर्टात उभं राहता येत नव्हतं आणि तिथल्याही नाही.

रविवारी दुपारी मी घरी फोन लावला. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण मी विचारलं होतं ना तुला? सनद मिळेल का, म्हणून?"

"हो पप्पा, आणि मिळेलच की! कॉन्व्होकेशनला देतात ना सनद!"

"कॉन्व्होकेशनला कशी देतील सनद?"

"म्हणजे काय? डिग्रीचा कागद तोच ना?"

मग पप्पांनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मराठीत सनद म्हणजे वकिली करायचा परवाना. वकील सनद काढतो, तेव्हा तो वकील होतो. डिग्री वेगळी. हिंदीत सनद म्हणजे कुठलंही सर्टिफिकेट. मी प्रश्न मराठीत ऐकला होता, हिंदीत विचारला होता, आणि भल्लाजीने हिंदीत अगदी बरोबर उत्तर दिलं होतं. खोटं कोणीच बोललं नव्हतं. याचाच मला सर्वांत जास्त संताप आला, कारण ओरडायला माणूसच उरला नव्हता. म्हणून मी पप्पांवर ओरडले.

"तुम्ही साधं लायसन्स का नाही म्हणालात?"

"घरात मराठी बोलायचं असं आपलं ठरलं होतं," पप्पा म्हणाले. आवाज चढवून नाही, अगदी खालच्या पट्टीत.

"मग मला कळलंय का ते तरी बघायचं!"

"तू हो म्हणालीस. हो म्हटल्यावर काय बघायचं?"

मागून आई ओरडली, "तुम्ही दोघं शब्दांवरच भांडत बसा! पोरगी जेवते का नाही, ते विचारा कोणीतरी." मग तिने फोन ओढून घेतला आणि तिलाच रडू आलं.

पुढच्या रविवारी पप्पांनी निर्णय कळवला. परत ये. पुण्याला पहिल्या वर्षाला प्रवेश घे, आत्याशी बोललोय. माझ्या वयाच्या मुली तोवर नोकरीला लागल्या होत्या आणि मी पुन्हा पहिल्या वर्षाला बसणार होते, संध्याकाळी सातच्या आत घरी. मी नाही म्हणाले. लोक याला आता माझी जिद्द म्हणतात. तशी काही नव्हती. कसंही करून पप्पा बरोबर ठरू नयेत, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

म्हणून मी डच शिकले. सकाळी बेकरीत फळांच्या टार्ट विकायच्या, दुपारी लेक्चर, संध्याकाळी भाषेचा वर्ग. त्यातही गंमत अशी की मास्ट्रिख्टचे लोक आपसात डच बोलतच नाहीत, त्यांची स्वतःची बोली बोलतात. मी वर्गात शिकलेलं वाक्य बेकरीत टाकलं की म्हाताऱ्या बायका हसायच्या. पण आता मी एक गोष्ट करत होते, जी मराठीत कधी केली नव्हती. अडलेला शब्द मी अंदाजाने सोडत नव्हते. थांबून विचारत होते, "याचा अर्थ काय? तुम्ही म्हणता तो नक्की काय?" लोक वैतागायचे. वैतागू देत.

तीन वर्षांची पदवी झाल्यावर डच कायद्यासाठी आणखी तीन वर्षं गेली, त्यात एक परीक्षा मी दोनदा नापास झाले. ते मी घरी सांगितलं नाही, आणि ते पप्पांना कळलं होतं हे त्यांनी मला सांगितलं नाही. शेवटी एका वकिलाच्या ऑफिसात उमेदवारी मिळाली आणि कोर्टात शपथ घ्यायची तारीख लागली. तिथे देवाच्या नावाने शपथ घेता येते किंवा नुसतं वचन देता येतं. मी शपथ घेतली. आई आणि पप्पा आले होते. दोघांना एक शब्द कळला नाही. समारंभ झाल्यावर पप्पांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कागद कुठाय?"

"पप्पा, कागद नसतो. नाव यादीत चढतं."

"असं कसं? काहीतरी देत असतील."

मी वैतागून क्लार्ककडे गेले आणि एक दाखला छापून घेतला. तो पप्पांनी दोन्ही हातांनी घेतला आणि तिथेच कॉरिडॉरमध्ये उभं राहून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, एक अक्षर कळत नसताना. मग चष्मा काढून पुसत बसले. आईने मला डोळ्यांनीच दटावलं, काही बोलू नकोस म्हणून.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी बहुतेक परदेशी लोकांचीच प्रकरणं बघते, ज्यांनी न कळता कशावर तरी 'हो' म्हटलेलं असतं. काम चांगलं आहे. शेजारी चांगले आहेत. वरच्या मजल्यावरचा पियानो रात्री दहानंतर वाजला तर मी चिठ्ठी लिहिते, ते चिठ्ठीने माफी मागतात. मी तिथे हरकत घेते, तक्रार नोंदवते, अपील करते.

मागच्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीला गेले होते. पप्पांना पेन्शनसाठी बँकेत हयातीचा दाखला द्यायचा होता, म्हणून त्यांच्याबरोबर गेले. यंत्रावर अंगठा लावायचा होता. पप्पांच्या अंगठ्याच्या रेषा वयाने झिजल्यात. यंत्र घेईना. एकदा, चारदा, सातदा. खिडकीतला तरुण माणूस म्हणाला, "अंकल, कल ट्राय कर लेना, आज सर्वर भी स्लो है."

"ये सामने खड़े हैं," मी म्हणाले. "आपको दिख नहीं रहे?"

"मैडम, मशीन को दिखने चाहिए."

मग मी जे सुरू झाले ते हिंदीत पाच मिनिटं, आणि मध्येच पप्पांकडे वळून मराठीत. काल तेल लावून अंगठा शेकायला सांगितलं होतं तर ऐकलं का नाही, घरबसल्या फोनवर होतं ते का शिकून घेत नाही, प्रत्येक गोष्टीला रांगेतच का उभं राहायचं असतं तुम्हाला. रांगेतले सगळे म्हातारे आमच्याकडे बघत होते. पप्पांनी माझी बाही ओढली. "अगं, हळू. हळू जरा."

बाहेर येऊन आम्ही बँकेच्या पायरीवर उन्हात बसलो. गाडीवाल्याकडून त्यांनी शेंगा घेतल्या. मी अजून धुमसत होते. पप्पा शेंगा सोलून माझ्या हातावर दाणे ठेवत होते.

"तिकडे पण अशी चिडतेस का गं?" त्यांनी विचारलं.

मी विचार केला. "नाही."

"कधीच नाही?"

"तिकडे कोणावर चिडू पप्पा?"

त्यांनी आणखी एक शेंग फोडली. टरफलं कागदात गोळा केली. "मग येत जा मधूनमधून," ते म्हणाले. "आम्ही आहोत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही पुन्हा त्याच खिडकीसमोर उभे होतो.